सटीच्या आत

मांगराच्या वळचणीला कागदाचं घर आहे,
राखाडी, उलट्या टांगलेल्या कपाएवढं.
तो कागद आमच्याच पोफळीच्या वाशाचा,
खरवडून, थुंकीत मळून
गांधीलमाश्यांनी थापलेला.
जवळ नाक नेलं तरी वास येत नाही.
मला. त्यांना येतो.

खांबेटे मॅडम उभादांड्याला आल्या तेव्हा
दिवसाचे साडेतीनशे ठरले, वर चहा.
माझं काम : पहाटे, गारठ्यानं त्या सुस्त असताना
काडीच्या टोकानं पाठीवर रंग टेकवायचा.
पिवळा-पांढरा. निळा-निळा. लाल एकटा.
मग स्टुलावर बसून लिहायचं
कोणी कोणाला भरवलं,
कोण कोणाला चावली,
कोण नुसतीच बसून होती.
(या शेवटच्या रकान्यात मला घरचे बरेच जण दिसत.)

मॅडमना शोधायचं होतं,
सख्खी सख्खीचं जास्त करते का.
राणी एक, पण बाप दोन-तीन,
म्हणजे एकाच छपराखाली काही सख्ख्या, काही अर्ध्या.
मी म्हटलं, करत असणारच, त्यात शोधायचं काय.
चार वह्या भरल्या.
सख्खीला झुकतं माप नाही,
अर्धीला हात आखडता नाही,
तोंड पुढे करेल त्या अळीला घास.

दारात मात्र तपासणी कडक.
मिशीला मिशी लावून अंगावरचं मेण हुंगायचं,
त्याला या घराचा वास नसला
तर पंख धरून खाली.
व्हाळापलीकडच्या काजूवरची एक आम्ही आणून सोडली,
ती सारवणावर पडली, पाय हलवत.
वेळ सात बावन्न, मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, आता कोवळी आणू.
व्हाळापलीकडचीच, पण कालच कोशातून निघालेली.
दोघी आल्या, हुंगलं, कामाला गेल्या.
दुपारी कोणीतरी तिला भरवलंसुद्धा.
"अजून कुठलाच वास लागलेला नसतो ना.
पाच-सहा दिवसांच्या आत आणली तर घेतात.
पुढे नाही घेत."

माझी काडी रंगातच राहिली.

द्रुपदीनं मला चौथ्या दिवशी आणलं,
सावंतवाडीच्या दवाखान्यातून, एसटीनं,
शेजारी सुक्या बांगड्यांची टोपली.
सटीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी
याच घरात ठेवली गेली.
काय लिहिलं गेलं कोणास ठाऊक.
बाबलकाका ओटीवरून विचारायचे,
ह्यां खयचां?
आई जाळं विणायची. मान वर न करता म्हणायची,
ह्या घरचां.

ती गेल्यावर वारसतपास निघाला.
बाबलकाकांच्या दिगंबरानं अर्ज दिला, रक्ताची नाही म्हणून.
तलाठ्यानं चष्मा पुसत विचारलं,
दत्तकाचा कागद आहे का?
मी म्हटलं, आहे.
आणि मग आठवलं, मला आठवला तो वळचणीचा.

मॅडमना हे सगळं सांगितलं.
त्या म्हणाल्या, माणसांना हे लावू नकोस,
आपण काय गांधीलमाश्या नाही.
बरं, म्हटलं. त्यांना एक गोष्ट सांगितली नव्हती.

मी अकरा वर्षांची असताना दारात एक बाई आली होती.
कणकवलीकडची असावी, चपलांना लाल माती.
आई तेव्हा रापणीवर.
ती काहीच बोलली नाही. वाकून माझ्या केसांत नाक खुपसलं,
खोल, लांबलचक.
तिच्या पदराला कसल्यातरी साबणाचा वास होता,
आमच्याकडे नसलेल्या.
मी तिचा हात झटकला आणि आतून कडी घातली.

फटीतून पाहिलं, ती पायरीवर तशीच बसून होती.
त्याची वेळ मी कुठे लिहिलेली नाही.